साडेसहाचा कार्यक्रम साडेसहालाच : उभारणी आणि आवराआवरीच्या वेळेचे गणित

प्रश्न : आमचा जुन्या-नव्या मराठी गाण्यांचा नऊ जणांचा संच आहे. दोन गायक, एक निवेदक आणि तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, बासरी व गिटार वाजवणारे सहा वादक. संयोजन माझ्याकडे असते. मागच्या महिन्यात आमच्या गावच्या नाट्यगृहात ६.३० चा कार्यक्रम होता. नाट्यगृह ४ वाजता ताब्यात मिळाले, साउंडचा टेम्पो ४.१० ला लागला, लाइटवाल्यांची शिडी ५ वाजेपर्यंत रंगमंचाच्या मधोमध होती, वादक ५.१५ ला आले आणि सगळे माइक लागेपर्यंत ६ वाजून गेले. दारे ६.५५ ला उघडली, कार्यक्रम ७.१५ ला सुरू होऊन ९.४५ ला संपला. नाट्यगृह १० वाजता रिकामे करायचे होते, ते ११.१० ला झाले. जादा वेळेचे पैसे भरावे लागले, शिवाय दोन माइक स्टँड आणि एक डीआय बॉक्स (वाद्याची लाइन मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) मागे राहिला, तो वेगळाच. साउंड चेक थोडक्यात उरकला तर वेळ वाचेल, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. येत्या कोजागरीला मोकळ्या मैदानात कार्यक्रम ठरला आहे. वेळेचा हिशेब नेमका कसा बसवावा?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण घड्याळाच्या नोंदींसह पत्र लिहिले, हे फार चांगले केले. त्या नोंदी शांतपणे वाचल्या तर साउंड चेकला कात्री लावण्याचा सहकाऱ्यांचा उपाय चुकीच्या जागी पडतो आहे, हे दिसते. टेम्पो ४.१० ला आला आणि शिडी ५ वाजता हलली, म्हणजे तब्बल ५० मिनिटे साउंडच्या माणसांना रंगमंचाच्या मध्यभागी काहीही मांडता आले नाही. त्यानंतर वादक येईपर्यंतची १५ मिनिटे गेली, कारण कोण कुठे बसणार आणि कोणाला किती माइक लागणार, हे वादक आल्याशिवाय कोणालाच सांगता येत नव्हते. मिळालेल्या अडीच तासांतला एक तासाहून अधिक वेळ असा एकमेकांची वाट पाहण्यात गेला. साउंड चेक आणखी आखडता घेतला असता, तर कार्यक्रम कदाचित ७ वाजता सुरू झाला असता. पण पहिली दोन गाणी प्रेक्षकांसमोरच साउंड चेक म्हणून खर्ची पडली असती. पैसे मोजून आलेल्या रसिकांशी असे वागणे मला योग्य वाटत नाही, आणि आपल्यालाही ते पटत नसावे, म्हणूनच आपण पत्र लिहिले असावे.

पहिला बदल हिशेबाच्या दिशेत करावा. नाट्यगृह कधी मिळते, तिथून पुढे मोजत जाण्याऐवजी पडदा उघडण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावे. पडदा ६.३० ला उघडायचा, तर प्रेक्षकांना ६ वाजता आत सोडले पाहिजे. दारे उघडल्यावर रंगमंचावर कोणीही केबल ओढत फिरू नये, म्हणून साउंड चेक ५.४५ ला संपला पाहिजे. मधली १५ मिनिटे पायात येणाऱ्या केबल टेपने चिकटवणे, रिकाम्या पेट्या विंगेच्या मागे सरकवणे आणि पडदा ओढणे यांत जातात. आपल्या संचाला एक तासाचा साउंड चेक पुरेसा आहे, म्हणजे तो ४.४५ ला सुरू व्हावा. त्याआधी २० मिनिटे लाइन चेकला, म्हणजे प्रत्येक माइक आणि केबलमधून आवाज येतो की नाही हे पाहायला. त्याआधी वाद्यांच्या जागा, केबल आणि माइक यांना पाऊण तास. त्याआधी प्रकाशयोजना, मुख्य स्पीकर आणि वीजजोडणी यांना जवळपास एक तास, आणि सर्वांत आधी सामान उतरवायला पाव तास. असे मागे येत गेल्यावर आपण २.३० वर पोहोचतो. म्हणजे आपल्याला चार तास हवे होते आणि मिळाले होते अडीच. ही तूट साउंडवाल्यावर रागावून भरून निघणारी नव्हती. ती नाट्यगृहाची तारीख घेतली त्याच दिवशी पडलेली होती.

चार तास मिळणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. बहुतेक नाट्यगृहे सत्राच्या हिशेबाने भाड्याने मिळतात आणि दुपारी तिथे दुसऱ्या कोणाचे नाटक किंवा शाळेचे स्नेहसंमेलन असते. अशा वेळी काम कमी करावे, घाई वाढवू नये. नाट्यगृहाचे स्वतःचे दिवे रंगमंचावरच्या बारवर, म्हणजे आडव्या नळीवर, आधीच टांगलेले असतील, तर आपली वेगळी प्रकाशयोजना बाजूला ठेवून त्या दिव्यांवरच भागवावे. शिडी चढवण्याची गरजच उरली नाही, तर जवळपास तासभर वाचतो. गाण्याच्या कार्यक्रमाला चेहऱ्यांवर पडणारा उबदार, स्वच्छ प्रकाश आणि मागच्या पडद्यावर दोन रंग एवढे पुष्कळ होते, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढे करूनही तीन तासांच्या खाली मात्र उतरू नये. तेवढेही मिळत नसतील, तर पत्रिकेवर ६.३० ऐवजी ७ छापावे. लोकांना ७ सांगून ७ ला सुरू करणे, हे ६.३० सांगून ७.१५ ला सुरू करण्यापेक्षा कितीतरी बरे.

आता कामांच्या क्रमाविषयी, कारण खरा वेळ इथे सापडतो. डोक्यावरची कामे आधी आणि जमिनीवरची नंतर, हा नियम सुरक्षिततेसाठीही आहे आणि वेळेसाठीही. शिडीवर माणूस असताना तिच्या खाली कोणी उभे राहू नये. त्यामुळे शिडी हटेपर्यंत रंगमंच अडलेलाच राहतो. म्हणून लाइटवाल्यांना सर्वांच्या आधी बोलवावे. साउंडचा टेम्पो त्याच वेळी आला तरी चालेल, पण त्या माणसांनी तेवढ्या वेळात रंगमंचाबाहेरची कामे करावीत : मुख्य स्पीकर दोन बाजूंना उभे करणे, प्रेक्षागृहात मिक्सरची (सगळे आवाज एकत्र आणून कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) जागा लावणे, तिथून रंगमंचापर्यंतची मुख्य केबल टाकणे. शिडी हलली की लेव्हल, म्हणजे वादकांच्या बैठकीचे चौथरे, आणि त्यांवरच्या सतरंज्या मांडाव्यात. केबल त्याच्या नंतर, कारण केबल आधी टाकून तिच्यावर चौथरा ठेवला, की ती काढण्यासाठी चौथरा पुन्हा उचलावा लागतो. माइक सगळ्यांत शेवटी.

वादकांची वाट पाहण्यात गेलेला वेळ कागदाने वाचतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी साउंडवाल्याच्या हाती दोन कागद पडले पाहिजेत. एकावर रंगमंचाचा साधा नकाशा असावा : कोण कुठे बसणार, कोण उभे राहणार, कोणाला मॉनिटर (कलाकाराला आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) हवा आणि विजेचा पॉइंट कोणाजवळ लागेल. दुसऱ्यावर चॅनेलची, म्हणजे मिक्सरला जोडायच्या प्रत्येक माइक व लाइनची, यादी असावी. आपल्याच संचाची यादी करून पाहू. दोन गायकांचे दोन माइक, निवेदकाचा एक, तबला व डग्गा यांना एकेक म्हणजे दोन, ढोलकीच्या दोन्ही तोंडांना मिळून दोन, ऑक्टोपॅडच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन लाइन, की-बोर्डच्या तशाच दोन, बासरीचा एक माइक आणि गिटारची एक लाइन, असे १३ चॅनेल होतात. १४ वा चॅनेल जादा माइकसाठी लावून ठेवावा, कारण एखादा माइक ऐनवेळी बिघडला तर निवेदकाला पाहुण्यांच्या सत्काराच्या वेळी हातात काहीतरी लागते. यांतल्या ऑक्टोपॅड, की-बोर्ड आणि गिटार यांच्या पाच लाइनना डीआय बॉक्स लागतात, हे यादीत स्पष्ट लिहावे. ही यादी हाती असेल, तर वादक आलेले नसतानाही १४ पैकी प्रत्येक माइक व केबल आपापल्या जागी पोहोचते, आणि साउंडवाल्याचा एखादा मदतनीस प्रत्येक माइकसमोर ‘एक, दोन’ म्हणत लाइन चेक पूर्ण करू शकतो. खराब केबल शोधण्याची हीच वेळ असते. गायक माइकसमोर उभा राहिल्यावर ती शोधू लागलो, तर नऊ माणसे एका केबलसाठी थांबतात.

वादकांनी तरीही लवकर यावे, पण त्याचे कारण वेगळे आहे. तबला आणि ढोलकी ही चामड्याची वाद्ये आहेत. कोरड्या, थंड हवेत किंवा दिव्यांच्या उष्णतेत पान, म्हणजे तोंडावरचे चामडे, ताणले जाऊन स्वर चढतो आणि दमट हवेत तो उतरतो. वातानुकूलित नाट्यगृहात तबला पिशवीतून काढून लगेच स्वरात लावला, तर तासाभराने तो पुन्हा लावावा लागतो. म्हणून वाद्ये रंगमंचावर येऊन उघडी राहिली पाहिजेत आणि ती लावण्यापूर्वी दिवे व वातानुकूलन कार्यक्रमात असतील तसेच चालू असले पाहिजेत. वादकांना ४.१५ ला बोलवावे आणि गायकांना ५ ला. गायकांना याहून आधी बोलावून लाइन चेकच्या खडखडाटात बसवून ठेवण्यात काहीच हशील नाही. त्यांचा गळा आणि उत्साह दोन्ही अकारण खर्च होतात.

साउंड चेकच्या एका तासाचीही वाटणी ठरलेली असावी. पहिली २० मिनिटे एकेका वाद्याला. पुढची १५ मिनिटे वादकांच्या मॉनिटरना, कारण तबलजीला गायक ऐकू येत नसेल तर कार्यक्रम कितीही सुंदर मिक्स केला तरी लय डगमगते. आणि उरलेला वेळ गायकांसह पूर्ण संचाला. पूर्ण संचाच्या वेळी ज्या गाण्यात सगळी वाद्ये एकदम वाजतात, ते आधी घ्यावे आणि नंतर एखाद्या संथ गाण्याची दोन कडवी घ्यावीत. संपूर्ण कार्यक्रमाची तालीम इथे करू नये. पुष्कळ संचांचा वेळ याच ठिकाणी हातातून निसटतो : कोणाला तरी तिसऱ्या कडव्यातली तान पुन्हा घ्यायची असते, कोणी स्वरपट्टी बदलू पाहते आणि साउंडवाला हात बांधून उभा राहतो. ती चर्चा तालमीच्या खोलीत संपवून यावी. रिकाम्या सभागृहातला आवाज घासूनपुसून अगदी नेमका करण्याच्या नादीही लागू नये, कारण प्रेक्षक बसल्यावर त्यांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषतात, घुमारा कमी होतो आणि साउंडवाल्याला पहिल्या गाण्यात थोडा फेरबदल करावाच लागतो. मिक्सर डिजिटल असेल, तर साउंड चेक संपताच ती मांडणी त्यात साठवून ठेवायला सांगावे. एका कार्यक्रमात आधी दुसरा संच आणि नंतर आपला असेल, तर शेवटी गाणाऱ्याचा साउंड चेक आधी करावा आणि सुरुवातीला गाणाऱ्याचा शेवटी, म्हणजे पडदा उघडताना पहिल्या संचाची मांडणी जशीच्या तशी जागेवर राहते.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. जुने ‘पार’ प्रकारचे हॅलोजन दिवे साधारण १,००० वॉटचे असतात; असे दहा दिवे २३० व्होल्टवर जवळपास ४३ अँपिअर ओढतात. हा आकडा नाट्यगृहाच्या वायरमनला आधी कळवावा, दिवे आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर ठेवायला सांगावे आणि उभारणीच्या पहिल्या तासात वायरमन स्वतः हजर राहील, हे लेखी मागून घ्यावे. किल्ली ज्याच्याकडे आहे त्या माणसाची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास कोणत्याही नियोजनात धरलेला नसतो.

आवराआवरीचा प्रश्न मला उभारणीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण तिचे नियोजन जवळपास कोणीच करत नाही. आपला कार्यक्रम अडीच तासांचा आहे. तो ६.३० ला सुरू झाला असता, तर ९ ला संपून आपल्याकडे पूर्ण एक तास उरला असता. तो ९.४५ ला संपल्यावरही रंगमंच रिकामा व्हायला ८५ मिनिटे लागली, याचा अर्थ उशीर केवळ संध्याकाळचा नव्हता. आपल्या पत्रात उल्लेख नाही, तरी माझा अंदाज असा आहे की पडदा पडल्यावर पहिली २०-२५ मिनिटे नातेवाईक, स्नेही आणि रसिक रंगमंचावर येऊन कलाकारांना भेटण्यात आणि छायाचित्रे काढण्यात गेली असावीत. हे आपल्याकडे सर्वत्र होते आणि त्यामागचे प्रेम खरे असते. पण त्या गर्दीत केबल ओढता येत नाहीत, आणि लहानसहान वस्तू गहाळ होतात त्या याच वेळी. यावर उपाय असा की शेवटच्या गाण्यानंतर निवेदकाने ‘सर्व कलाकार आपल्याला बाहेर दर्शनी दालनात भेटतील’ असे आदराने जाहीर करावे आणि कलाकारांनी खरोखरच लगेच तिकडे जावे. सत्कार, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन मध्यंतराच्या आधी किंवा लगेच नंतर उरकावे. ते शेवटी ठेवले, की वक्ता आणि घड्याळ दोन्ही आपल्या हातात राहत नाहीत.

रंगमंच मोकळा झाल्यावर साउंडवाल्याने आधी अँप्लिफायर किंवा स्वतःचा अँप्लिफायर असलेले स्पीकर बंद करावेत आणि मिक्सर त्यानंतर; सुरू करताना क्रम नेमका उलटा असतो. असे केले नाही, तर जोडणी निघताना होणारा धाडकन आवाज स्पीकरला इजा करू शकतो. मग माइक सर्वांत आधी काढून, मोजून, त्यांच्या पेटीत जावेत आणि ती पेटी एका ठरावीक माणसाच्या नजरेसमोर राहावी. डीआय बॉक्स, अडॅप्टर, क्लिप अशा मुठीत मावणाऱ्या वस्तू त्याच्या पाठोपाठ. यानंतर वादकांनी आपापली वाद्ये उचलावीत, मग स्टँड, मग केबल आणि शेवटी स्पीकर व चौथरे. केबल कोपरावर गुंडाळण्याची सवय दिसेल तिथे थांबवावी. त्यामुळे आतल्या तारांना पीळ बसतो आणि पुढच्या कार्यक्रमात उलगडताना गुंता होतो. एक वेढा सरळ आणि दुसरा उलटा घेत हातावर केलेली गुंडाळी पुढच्या उभारणीतला वेळ वाचवते. हॅलोजन दिवे मात्र सर्वांत शेवटी उतरवावेत. तापलेल्या दिव्याची तार नाजूक असते आणि धक्क्याने तुटते. शिवाय हात भाजतो. ते निवू द्यायला १५-२० मिनिटे द्यावीत आणि तेवढ्यात खालचे सामान हलवावे.

वादकांचा प्रश्न नाजूक असतो. कार्यक्रम संपल्यावर वादक दमलेले असतात आणि सामान उचलणे हे आपले काम नाही, असे काहींना वाटते. त्यांना स्पीकर उचलायला सांगू नये, पण स्वतःचे वाद्य, स्वतःचा स्टँड आणि स्वतःची वायर दहा मिनिटांत रंगमंचाबाहेर नेणे हे प्रत्येकाचे काम आहे, हे तालमीच्या वेळीच सर्वांसमोर ठरवावे. रात्री दमलेल्या माणसाला प्रथमच सांगितले, तर त्यातून मने दुखावतात.

टेम्पो मागच्या दाराला लागलेला हवा, आणि त्यासाठी त्या दारासमोर प्रेक्षकांची वाहने उभी राहणार नाहीत, याची काळजी पहिल्या घंटेच्या आधी घ्यावी. प्रत्येक पेटीवर क्रमांक आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वस्तूंची यादी चिकटवावी. टेम्पोत भरताना एकाने क्रमांक वाचावेत आणि दुसऱ्याने खूण करावी. त्यानंतर एकाने विंगा, मेकअपच्या खोल्या आणि मिक्सरची जागा टॉर्च घेऊन फिरून पाहावी. ही पद्धत असती, तर आपले स्टँड आणि डीआय बॉक्स दाराबाहेर पडण्याआधीच आठवले असते.

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. आपल्या साउंडवाल्याकडे दोन माणसे येत असतील, तर नवे कॉर्डलेस माइक घेण्याआधी तिसऱ्या मदतनीसाचे पैसे द्यावेत. लाइन चेकला एक माणूस रंगमंचावर, एक मिक्सरवर आणि एक केबल बदलायला मोकळा असला, की काम थांबत नाही, आणि रात्रीच्या आवराआवरीतला त्याचा उपयोग त्याहूनही मोठा आहे. जादा वेळेपोटी आपण भरलेली रक्कम डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब करून पाहावा. आयोजकांशी ठरवतानाही मानधनासोबत ‘रंगमंच पडदा उघडण्यापूर्वी चार तास आणि पडदा पडल्यावर एक तास’ असे वाक्य पत्रात घालावे, म्हणजे सत्र घेतानाच ते त्यांच्या लक्षात राहील.

आता कोजागरी. बंदिस्त नाट्यगृहातला आणि मैदानातला मोठा फरक कायद्याचा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते; ते दिवस कोणते, हे त्या-त्या वर्षी जाहीर होते. म्हणून आपली तारीख त्यात आहे की नाही, हे पोलिसांकडे ध्वनिक्षेपकाची परवानगी मागतानाच विचारून घ्यावे आणि नसेल असे धरूनच आखणी करावी. म्हणजे शेवटचे गाणे ९.४५ ला संपवावे, अडीच तासांचा कार्यक्रम ७.१५ ला सुरू करावा आणि मैदानात पहिले सामान दुपारी २ वाजता, कारण तिथे मंडपवाल्याचा रंगमंच, जनरेटर आणि उघड्यावरची वीजजोडणी यांची भर पडते. मंडपवाल्याने रंगमंच आदल्या दिवशीच उभा करून द्यावा, असा आग्रह धरावा. केबलची सारी कामे उजेड असेतो संपवावीत. मसालेदूध किती वाजता, हेही याच आखणीत येते. ते मध्यंतरात वाटायचे ठरले, तर मध्यंतर १५ मिनिटांचे राहत नाही, म्हणून ते कार्यक्रम संपल्यावर ठेवावे, म्हणजे दूध घेत लोक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि रंगमंच आपोआप मोकळा होतो.

त्या दिवसांत रात्री दव पडते. पान दमट होऊन तबल्याचा स्वर उतरेल, म्हणून तबलजीला दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य लावायला निवेदकाने जागा करून द्यावी. मिक्सर, अँप्लिफायर आणि जोडण्यांवर टाकायला प्लास्टिकचे कापड तयार असावे, जमिनीवरच्या वीजजोडण्या उचलून लाकडी फळीवर ठेवाव्यात आणि ओल लागलेल्या केबल घरी गेल्यावर उलगडून वाळवाव्यात. रंगमंचाचे दिवे उतरवायला घेतले, की मैदानात काळोख होतो आणि वस्तू हरवण्याचा सर्वाधिक धोका तेव्हाच असतो, म्हणून कामापुरते दोन एलईडी फ्लडलाइट वेगळ्या लाइनवर लावून घ्यावेत. जनरेटरवाले बहुधा ध्वनिक्षेपक बंद झाला की निघण्याच्या तयारीला लागतात. त्यांचा दर ठरवतानाच टेम्पो भरून होईपर्यंत, म्हणजे किमान ११.३० पर्यंत, जनरेटर चालू राहील असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.